फ्रीडमेन्स ब्यूरोचं दप्तर घरबसल्या: मोफत शोधसेवेचा आढावा, वापरायच्या पद्धतीसकट

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं तेव्हा सुमारे 40 लाख माणसं गुलामीतून बाहेर आली. त्यांचं रेशन, दवाखाना, शाळा, मजुरीचे करार, लग्नाचे दाखले आणि मारहाणीच्या तक्रारी, हे सगळं पाहण्यासाठी केंद्र सरकारने एक खातं उभं केलं. लोक त्याला फ्रीडमेन्स ब्यूरो म्हणत. त्या खात्याचं दप्तर आता इंटरनेटवर पानापानाने उघडता येतं, तेही एक पैसा न देता. इतिहास शिकवणारे, शिकणारे, जात आणि वंश यांचा तौलनिक अभ्यास करणारे आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात स्थायिक झालेले मराठी वाचक यांच्यासाठी हा आढावा आहे.

निष्कर्ष आधीच सांगायला हवा. सेवा उत्तम आहे, पण शोधाच्या चौकटीत नाव टाकून थांबणाऱ्याच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. या दप्तराचं खरं मोल असं की मुक्त झालेल्या माणसांना मिळालेली मदत आणि तिला झालेला विरोध एकाच कागदावर, पुष्कळदा एकाच ओळीत सापडतो. ती ओळ गाठायची तर यादी सोडून आवक-जावकच्या वह्यांत शिरावं लागतं.

आत यायचे दरवाजे तीन

पहिला दरवाजा फॅमिलीसर्च. ही लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चची वंशावळीची सेवा. मोफत खातं काढावं लागतं, बाकी अट नाही. ब्यूरोच्या कागदांतली नावं वेचून सूची करायचं काम 19 जून 2015 रोजी जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी पुरं झालं. 25,000 हून जास्त स्वयंसेवकांनी सुमारे 18 लाख नावं उतरवली. एखाद्या माणसाचं किंवा कुटुंबाचं नाव ठाऊक असेल तर सुरुवात इथून करावी.

दुसरा दरवाजा स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाचं शोध पोर्टल. इथे नावासोबत मजकुरातही शोध घेता येतो, कारण स्वयंसेवक पत्रं, अहवाल आणि करार अक्षरशः उतरवून घेतात. उतरवलेलं पान दुसरा माणूस तपासतो आणि मगच ते पक्कं होतं. सगळी पानं अजून उतरवून झालेली नाहीत. त्यामुळे शोधात काही आलं नाही म्हणजे दप्तरात नाही, असं समजू नका.

तिसरा दरवाजा नॅशनल आर्काइव्ह्ज, म्हणजे मूळ दप्तराचं घर. तिथे हा संग्रह 'रेकॉर्ड ग्रुप 105' या क्रमांकाने ठेवलेला आहे. इथली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे प्रत्येक मायक्रोफिल्म मालिकेची (कागदांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मच्या रिळांच्या संचाची) माहितीपुस्तिका. कुठल्या राज्यात कोणती कचेरी कधी होती, तिच्या कोणत्या वह्या उरल्या, त्या कुठल्या रोलवर आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य कचेरीची मालिका वेगळी आणि गावोगावच्या कचेऱ्यांची वेगळी. जॉर्जियाच्या मुख्य कचेरीसाठी एम798, दक्षिण कॅरोलायनासाठी एम869, टेनेसीसाठी एम999, टेक्साससाठी एम821, व्हर्जिनियासाठी एम1048. गावपातळीवरच्या कचेऱ्यांचे कागद खूप उशिरा फिल्मवर आले. त्यासाठी 2000 साली अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला. त्याआधी ते पाहायचे तर वॉशिंग्टनला जाण्यावाचून इलाज नव्हता.

खातं कसं चालायचं ते कळलं तर कागद कळतो

कायदा 3 मार्च 1865 चा. खातं युद्धमंत्रालयाखाली, प्रमुख जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड. मुदत युद्ध असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष. सुरुवातीला स्वतःचा निधी नाही, सगळा डोलारा लष्कराच्या माणसांवर आणि कोठारांवर. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी फेब्रुवारी 1866 मध्ये मुदतवाढीचं विधेयक नाकारलं. जुलैमध्ये काँग्रेसने त्यांचा नकार बाजूला सारून मुदत वाढवली. 1868 अखेर बहुतेक काम गुंडाळलं गेलं, शाळा आणि सैनिकांची देणी तेवढी चालू राहिली आणि 1872 मध्ये खातं बंद झालं. अख्ख्या दक्षिणेत एका वेळी 900 पेक्षा जास्त एजंट कधीच नव्हते.

हा आकडा लक्षात ठेवा. एकेका एजंटकडे एक किंवा अनेक काउंट्या (राज्यातले जिल्ह्यासारखे विभाग), हाताशी सैनिक मोजके किंवा नाहीतच, आणि कागदांचा ढीग. म्हणून नोंदी तोकड्या, घाईत केलेल्या, मध्येच तुटलेल्या. एजंट बदलला की अक्षर बदलतं, आणि पुष्कळदा नोंदीतली कळकळही बदलते.

शोध कसा घ्यावा

शोध माणसाचा असेल तर 1870 च्या जनगणनेपासून मागे यायचं. मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं लागलेली ती पहिली जनगणना. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग लिहिलेला असे. ब्यूरोचे कागद 1860 आणि 1870 या जनगणनांच्या मधला पूल आहेत. 1870 मधून काउंटी आणि शेजाऱ्यांची नावं घ्या, ब्यूरोच्या करारात किंवा तक्रारीत तीच नावं मळेवाल्यासोबत शोधा आणि मळेवाल्याचं नाव घेऊन 1860 च्या तक्त्यावर जा. शेजाऱ्यांची नावं सोडू नका. एका मळ्यावरची माणसं पुढेही जवळजवळ राहत, आणि पाच नावांपैकी तीन जुळली तर एका नावाच्या चुकीने काम अडत नाही.

विषयाचा शोध असेल, म्हणजे शाळा, करार, हिंसा असं काही, तर आधी काउंटी ठरवा. मग ती 1866 मध्ये कुठल्या उपजिल्ह्यात होती ते माहितीपुस्तिकेत पाहा. इथे पहिला फटका बसतो. आजच्या काही काउंट्या तेव्हा नव्हत्याच. मिसिसिपीतली ग्रेनाडा काउंटी 1870 ची, दक्षिण कॅरोलायनातली एकन 1871 ची. त्या नावाने ब्यूरोच्या कागदात काहीच मिळणार नाही, जुन्या काउंटीचं नाव लागेल. दुसरा फटका असा की ब्यूरो फक्त फुटून निघालेल्या राज्यांत होतं असं समजून लोक केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर वगळतात. तिथेही कचेऱ्या होत्या.

कचेरी मिळाली की वह्यांची रचना समजून घ्या. आपल्याकडे सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी असते तीच पद्धत. आलेल्या पत्रांची वही वेगळी, गेलेल्या पत्रांची वेगळी आणि शेऱ्यांची तिसरी. आवक वहीत पत्राचा सारांश असतो, आणि नोंद पत्र पाठवणाऱ्याच्या आडनावाच्या पहिल्या अक्षराखाली. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. शेतमजुराने तक्रार सांगितली, गावच्या एजंटने ती वरच्या कचेरीला कळवली, तर वरच्या कचेरीत नोंद एजंटच्या आडनावाखाली पडते. मजुराच्या नावाने कितीही शोधा, सापडणार नाही. म्हणून त्या भागाच्या एजंटचं नाव आधी शोधून ठेवा. मग आवक नोंदीचा क्रमांक आणि तारीख घेऊन जावक वहीत पुढच्या दोन-तीन आठवड्यांची पानं चाळा, तिथे उत्तर असतं. शेऱ्यांच्या वहीत तो कागद कुणाकडून कुणाकडे फिरला आणि कुणी काय लिहिलं ते कळतं. तिन्ही जोडल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

अक्षरवाचनात ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना फार जड जाणार नाही. तरी काही खुणा पाठ करून ठेवाव्यात. दोन एस जोडून आले की पहिला लांब ओढलेला असतो आणि तो एफसारखा दिसतो, त्यामुळे 'मिसिसिपी' भलतंच काही वाचलं जातं. जॉन हे नाव जे-एन-ओ असं, विल्यमचं डब्ल्यू-एम, जेम्सचं जे-ए-एस. तारखेपुढे 'अल्ट' असेल तर मागचा महिना, 'इन्स्ट' असेल तर चालू महिना. हे न कळल्याने घटनांचा क्रम उलटा लावलेले लेख सर्रास दिसतात. नावाची अक्षरं कुणी कशीही लिहिली आहेत, तेव्हा सूचीत शोधताना खात्री नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तारा टाका. आडनावावर तर फार विसंबू नका. सुटकेनंतर लोकांनी आडनावं स्वतः निवडली आणि एकाच माणसाचं आडनाव करारात एक, मुक्त झालेल्यांच्या बचत बँकेच्या वहीत दुसरं असू शकतं.

करारनामे

सगळ्यात आधी वाचावेत ते मजुरीचे करार. मळेवाला एका बाजूला, माणसांची यादी दुसऱ्या बाजूला. यादीत 'पूर्ण हात', 'अर्धा हात' अशी वर्गवारी, म्हणजे अंगातली ताकद पाहून लावलेला दर. मोबदला दोन तऱ्हांचा: रोख पगार किंवा पिकातला वाटा, तिसरा हिस्सा किंवा निम्मा. शिधा लिहिलेला असतो. आठवड्याला साधारण चार पौंड डुकराचं खारवलेलं मांस आणि एक पेक मक्याचं पीठ हे वरचेवर दिसणारं प्रमाण. पेक म्हणजे सुमारे नऊ लिटरचं माप. त्याखाली कपातीची कलमं: गैरहजेरीचा दिवस, आजारपण, हरवलेलं अवजार, उद्धटपणा. शेवटी सह्या, आणि मजुरांच्या नावांपुढे बहुतेक फुलीची निशाणी.

नवखा वाचक पगाराचा आकडा टिपतो आणि पुढे जातो. कपातीची कलमं वाचा. तोंडून निघालेल्या शब्दासाठी, परवानगीशिवाय मळा सोडण्यासाठी, पाहुणा आणण्यासाठी मजुरी कापायची तरतूद असेल तर जुनी मालकी कुठे लपून बसली ते दिसतं. करार आणि राज्याचा कायदा शेजारी ठेवले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मिसिसिपीने नोव्हेंबर 1865 मध्ये केलेल्या कायद्यात मुदतीआधी काम सोडणाऱ्याची त्या वर्षाची सगळी मजुरी बुडायची. त्याला पकडून परत आणणाऱ्याला 5 डॉलर आणि मैलाला 10 सेंट मिळायचे, आणि तेही मजुराच्याच मजुरीतून. कामधंदा नसल्याचा ठपका ठेवून दंड आणि दंड न भरल्यास मजुरीवर लावणं, ही दुसरी मेख. ब्यूरोचा एजंट करार तपासून मंजूर करायचा, आणि त्या मंजुरीने मजुराला हिशेब मागायला कागद मिळायचा. पण तोच एजंट बिनकराराच्या माणसाला कामावर जा म्हणून बजावायचा आणि शिधा बंद करायची धमकीही द्यायचा. मदतीचं खातं आणि मजूर पुरवणारं खातं एकच होतं. हे दप्तर ते झाकत नाही आणि वाचणाऱ्यानेही झाकू नये.

वेळ कमी असेल तर तक्रारवहीतली नोव्हेंबर ते जानेवारीची पानं आधी उघडा. पीक निघून हिशेब व्हायची ती वेळ. पीक घरात आल्यावर हाकलून दिलं, वाटा दिला नाही, दुकानाच्या उधारीत सगळं वळतं केलं, अशा तक्रारी तिथे ओळीने लागतात.

अत्याचारांच्या वह्या

अनेक राज्यांच्या कचेऱ्यांनी खून आणि अत्याचार यांची वेगळी नोंदवही ठेवली. स्तंभ राज्यागणिक थोडे बदलतात, पण ढाचा असा: तारीख, ठिकाण, कुणावर, कुणी, काय केलं, त्यावर काय कारवाई झाली. शेवटचा स्तंभ सोडून वाचू नका. कित्येक ठिकाणी तिथे लिहिलंय की कारवाई नाही, किंवा आरोपीला सोडलं, किंवा गुन्हेगार अनोळखी. ब्यूरोच्या हातात न्यायालय फार थोडा काळ होतं. प्रकरण स्थानिक न्यायालयाकडे गेलं की शेरीफ, न्यायाधीश आणि ज्यूरी सगळे गोरे.

टेनेसीच्या रोलांत मेम्फिसच्या मे 1866 च्या हत्याकांडातल्या साक्षीदारांच्या जबान्या आहेत. तीन दिवसांत 46 कृष्णवर्णीय मारले गेले, घरं, चर्च, शाळा जाळल्या गेल्या. या जबान्या वर्गात वाचायला देणार असाल तर आधी स्वतः पूर्ण वाचा. लैंगिक हिंसेची वर्णनं थेट आहेत आणि भाषाही त्या काळची आहे. विद्यार्थ्यांना आयत्या वेळी पान उघडून देणं बरोबर नाही.

या वह्यांवरून आकडेवारी काढताना हात आखडता घ्या. एजंट उपस्थित होता तिथेच नोंद झाली. ज्या काउंटीत नोंद शून्य आहे तिथे शांतता होती असं नाही, तिथे पोचायला सैनिक नव्हते असंही असू शकतं. आणि 1868 नंतर कचेऱ्या बंद झाल्या तशा नोंदी थांबल्या, हिंसा थांबली नाही. टेनेसीतल्या पुलास्कीत निघालेला कू क्लक्स क्लॅन, म्हणजे गोऱ्यांची गुप्त हिंसक संघटना, तोवर दक्षिणभर पसरला होता. त्यापुढच्या काळासाठी 1871 च्या काँग्रेस चौकशीच्या साक्षींकडे वळावं लागतं. त्यांचे 13 खंड आहेत आणि ते या सेवेत नाहीत.

शाळांचे मासिक तक्ते

माझ्या मते संग्रहातला सर्वांत मौल्यवान भाग हा. तरी लोक तिकडे कमी जातात, कारण त्यांत नावं थोडी आणि आकडे जास्त. शिक्षणविभागाची मालिका एम803. शिक्षिका दर महिन्याला छापील तक्ता भरून पाठवायची. पटावर किती, रोजची हजेरी किती, अक्षरओळखीत किती, सोपे धडे वाचणारे किती, भूगोल, अंकगणित, लेखन आणि शिवणकाम करणारे किती. युद्धाआधीपासून मुक्त असलेले किती. रात्रशाळा आहे का. इमारत मुक्त झालेल्या लोकांच्या मालकीची आहे का. शाळेचा खर्च पूर्णपणे तेच उचलतात का, की काही भाग.

हे शेवटचे रकाने फार महत्त्वाचे. उत्तरेच्या दानशूर संस्थांनी शाळा काढल्या एवढंच साधारणपणे सांगितलं जातं. तक्ते दाखवतात की कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकणं कायद्याने बंद होतं त्या लोकांनी जमीन दिली, लाकूड दिलं, महिन्याची वर्गणी दिली आणि शिक्षिकेच्या राहण्याजेवण्याची सोय केली. 1869 पर्यंत सुमारे 3,000 शाळा आणि दीड लाखावर विद्यार्थी नोंदले गेले, ते या घामावर.

आणि गावच्या एजंटने भरायच्या तक्त्यात एक सरळ प्रश्न छापलेला आहे: मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणाबद्दल इथल्या जनतेची भावना काय? उत्तरं एक-दोन शब्दांची. विरोधी. उदासीन. सुधारते आहे. एका काउंटीचे लागोपाठचे महिने ओळीने लावा, शेजारी पटसंख्या मांडा, आणि जिथे हजेरी एकदम कोसळलेली दिसेल त्या महिन्याच्या आवक पत्रांत जा. कापूसवेचणीचा हंगाम असेल तर कारण शेतीचं. हंगाम नसेल तर पुष्कळदा जळालेल्या इमारतीचं किंवा शिक्षिकेला घर नाकारल्याचं पत्र मिळतं. एम.ए.च्या प्रबंधाला पुरेल एवढं काम एका काउंटीत आहे आणि ते पुण्यात किंवा नांदेडला बसून करता येतं.

लग्नं, मुलं, जमीन, बँक

लग्नांच्या नोंदी एम1875 मध्ये, पाच रोल. गुलामीत विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून आधीच एकत्र राहणारी जोडपीही नोंदणीला आली. मिसिसिपी आणि टेनेसीच्या दाखल्यांत वधूवरांचं वय, रंग, आईवडिलांचा रंग यांच्यासोबत विचारलंय: याआधी दुसऱ्या जोडीदारासोबत किती वर्षं राहिलात, ताटातूट कशामुळे झाली, त्या जोडीदारापासून मुलं किती. ताटातुटीच्या रकान्यात कुठे मृत्यू, कुठे विक्री. थोड्याशा छापील जागेत एवढं मावलेलं आहे.

मुलांसाठी मेरीलँडचे कागद पाहा. तिथे 1 नोव्हेंबर 1864 ला गुलामी संपली आणि न्यायालयांनी काळी मुलं 'उमेदवार' म्हणून जुन्याच मालकांच्या ताब्यात दिली. मुलगे 21 वर्षांचे आणि मुली 18 वर्षांच्या होईपर्यंत. आया ब्यूरोकडे मुलं परत मागायला आल्या. त्यांच्या तक्रारी उरल्या आहेत.

जमिनीचा भाग सर्वात कडू. केंद्राच्या सैन्यातले जनरल शेरमन यांच्या 16 जानेवारी 1865 च्या हुकुमाने दक्षिण कॅरोलायना ते फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर कुटुंबाला 40 एकरांपर्यंत जमीन राखून ठेवली गेली. हॉवर्ड यांनी जुलैत काढलेलं परिपत्रक 13 हे जमीन टिकवण्याच्या बाजूचं, आणि अध्यक्षांच्या दबावाखाली सप्टेंबरात आलेलं परिपत्रक 15 हे ती जुन्या मालकांना परत करणारं. दोन्ही एकापाठोपाठ वाचा. त्यानंतर हॉवर्ड स्वतः ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर लोकांना हे सांगायला गेले. तिथल्या समितीने, हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन यांनी, त्यांना लिहिलेलं पत्र मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रीडमेन अँड सदर्न सोसायटी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर उतरवलेलं आहे. हॉवर्ड यांचा उजवा हात युद्धात गेला होता. पत्रात म्हटलंय की तुमचा फक्त हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि माझ्याकडे स्वतःची जमीन असती तर मी त्याच्या वाऱ्याला उभा राहिलो नसतो हे जाणून जो मला जमीन मिळू देत नाही, त्या माणसाला क्षमा करणं मला जमणार नाही. या दप्तराचं वाचन कुठून सुरू करावं असं कुणी विचारलं तर या पत्रापासून.

मुक्त झालेल्यांची बचत ठेवणारी फ्रीडमन्स बँक ब्यूरोचा भाग नव्हती, वेगळी संस्था होती, पण स्थापनेचा दिवस तोच, 3 मार्च 1865, आणि शोधसेवेत ती सोबतच येते. खातेदारांच्या वह्या एम816 मध्ये, 27 रोल, 29 शाखांच्या. वंशावळीसाठी याहून चांगला कागद नाही: जन्मस्थान, वाढ कुठे झाली, धंदा, नवरा-बायको, मुलं, आईवडील, भावंडं, आणि जुन्या नमुन्यांत मालक-मालकिणीचं आणि मळ्याचं नावही. 1870 मध्ये सनद बदलून स्थावर मालमत्तेवर कर्जं द्यायला मोकळीक मिळाली, संचालकांच्या जवळच्यांना पैसे गेले, 1873 ची मंदी आली आणि जून 1874 मध्ये बँक बुडाली. खातेदार 61,144, अडकलेली रक्कम 30 लाख डॉलरच्या आसपास. गुलामीतून सुटलेले काळ्यांचे नेते फ्रेडरिक डग्लस शेवटच्या काही महिन्यांत बँकेचे अध्यक्ष झाले होते आणि स्वतःचे 10,000 डॉलर त्यांनी त्यात घातले होते.

उणिवा

सूची ही स्वयंसेवकांनी अवघड अक्षर वाचून केलेली आहे, त्यात चुका आहेत. सूचीवरून कधीही निष्कर्ष काढू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. काही पानांवर मागची शाई पुढे उमटली आहे, काहींच्या कडा शिवणीत गेल्या आहेत. चित्र मोठं करून उजेड-अंधार बदलला तर थोडं सुधारतं. तिन्ही दरवाज्यांत एकच कागद वेगवेगळ्या शीर्षकांनी येतो, त्यामुळे नवं काही सापडलं असं वाटून तेच पान पुन्हा मोजलं जातं. काळ्या सैनिकांच्या देण्यांचे दावे इथे आहेत, पण त्यांच्या पेन्शनच्या जाडजूड फायली वेगळ्या संग्रहात आहेत. आणि मुळातली मोठी उणीव ही की लेखणी बहुतेक एजंटच्या हातात आहे. मजूर बोलला ते त्याने ऐकलं तसं, त्याला पटलं तेवढं लिहिलं. चांगला एजंट आणि मळेवाल्याच्या पंगतीत बसणारा एजंट यांच्या वह्यांत एकाच काउंटीची दोन रूपं दिसतात.

मराठी वाचकाने एवढा खटाटोप का करावा? जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. त्या वर्षी ब्यूरो बंद होऊन वर्ष उलटत होतं. त्याच वर्षी 13 एप्रिलला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या जमावाने काळ्या लोकांचं हत्याकांड केलं, आणि पुढच्या वर्षी बँक बुडाली. जोतिरावांनी ज्या कामाचा गौरव केला ते काम कुणी रेटलं आणि कुणी मोडलं, हे तपासण्याची सोय आपल्याला आता आहे. आपल्याकडे अर्पणपत्रिका वारंवार उद्धृत होते, तिच्या मागचा अमेरिकेतला काळ मात्र क्वचितच कुणी उघडून पाहतं.

गुण द्यायचे तर उपलब्धतेला पाचपैकी पाच, शोधाच्या सोयीला तीन, माहितीपुस्तिकांना साडेचार. इंग्रजी धावतं अक्षर वाचता येत असेल तर स्मिथसोनियनच्या लिप्यंतराच्या कामात कुठूनही भाग घेता येतो. नियम सोपा: जसं लिहिलंय तसं उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका, न वाचता आलेला शब्द तसा नोंदवा, अंदाज घुसडू नका. पहिल्यांदा छापील तक्ते घ्या, पत्रं नंतर.

आणि जे पान वापराल त्याची नोंद अशी ठेवा: राज्य, कचेरी, वहीचं शीर्षक, तारखा, मालिका क्रमांक, रोल क्रमांक, वहीतलं पान आणि चित्राचा क्रमांक. नुसता दुवा साठवून ठेवू नका, संकेतस्थळं पत्ते बदलतात. मालिका आणि रोल क्रमांक असेल तर तिन्ही दरवाज्यांतून तेच पान पुन्हा काढता येतं.